जीवरामचं मरण

जीवराम तेवीस वर्षं मरत आला होता. तोतारामआबांच्या तमाशाच्या फडात तो जुलमी सरदाराचं काम करी, आणि वगाच्या शेवटी नायकाचा वार बसला की धाडकन फळ्यांवर कोसळे. फळ्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, असा आबांचा दंडक होता.

एकोणनव्वद साली धुळ्याच्या डॉक्टरने त्याचं खुब्याचं हाड पाहून सांगितलं, "आता पडलात तर उठणार नाही."

"आबा, यंदा सरदार जिंकू द्या," जीवराम म्हणाला. "नाहीतर पळून जाऊ द्या."

"जिंकणारे लोक घरी रोज बघतात," आबा म्हणाले. "ते बघायला तिकीट कोण काढील?"

दुसरं काम फडात नव्हतं.

पाचोऱ्याकडच्या एका यात्रेत दुपारचा खेळ होता. मगनने, म्हणजे नायकाने, वार केला. जीवराम उभाच.

"काका, पडा ना," मगन दातांतून बोलला.

"नाही पडत."

मगनने पुन्हा वार केला, मग तिसरा. लोक ओरडू लागले, "मरी जाय ना आते!" पुढे बसलेली झुंबरबाई मोठ्याने म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे त्याले! आमना गावमा बी असाच एक शे, पडसच नई!" बायका खदखदून हसल्या. ज्याच्याबद्दल ती बोलली, तो दर निवडणुकीत निवडून येणारा सरपंच पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. तो हसला नाही.

हसू ओसरलं तशी गावची म्हातारी मंडळी उठली. दुष्ट उभा ठेवून यात्रा उठवायची नाही, अशी त्या गावची रीत. वर्ष वाईट जातं म्हणे. माणसं बैलगाड्या जुंपायची थांबली.

जीवरामने सगळ्यांकडे पाहिलं. त्याला वाद घालायचा नव्हता.

"खाट आणा," तो म्हणाला.

कुणीतरी खाट आणली. तो कडेला टेकला, दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलून वर घेतला आणि सावकाश आडवा झाला. मगनने तलवार त्याच्या छातीवर टेकवली. टाळी कुणी वाजवली नाही, पण म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि गाड्या निघाल्या.

मैदान रिकामं झालं तरी तो पडून होता.

"ऊठ. उद्या यावल," आबा म्हणाले.

"तिथंही असंच मरेन. चालेल?"

आबांनी खाटेवर हात आपटून पाहिला.

"आवाज येत नाही रे," ते म्हणाले, आणि त्याला उठवायला त्यांनी हात पुढे केला.