मल्हारीभाऊंचं लॉगबुक

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मल्हारीभाऊंनी एकतीस वर्षं कंट्रोल रूमचं लॉगबुक लिहिलं. पाळी संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा, तोही लिहून. निवृत्त झाले, पण सवय जाते कुठे! नाशिकरोडच्या आमच्या वाचनालयातून नेलेल्या प्रत्येक कादंबरीची ते वहीत नोंद ठेवतात. पान, साल, कोण कुठे होतं. मी तिथली ग्रंथपाल. मला आपलं हसू यायचं.

गेल्या महिन्यात त्यांनी एक जाडजूड कादंबरी माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ताई, बांधणी चुकलीय हिची. मोहिनी चाळीसाव्या पानावर नदीत बुडून मेली, अन् एकशेबाराव्या पानावर चहा गाळतीय! सालं बी मागंपुढं उड्या मारत्यात."

मी पानं मोजली. सगळी जागच्या जागी होती. "नीट वाचत जा हो," मी फटकन बोलून गेले.

त्यांचा चेहरा उतरला. "मंग माझंच डोकं चालंना. आईचं असंच झालं. बाप जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती त्याचं ताट वाढायची. घरी बायकोला, सरूला, अजून बोललो नाय."

माझ्या जिभेला हाडच नाही. खरं तर ते पुस्तक मीच वाचलं नव्हतं, नुसते शिक्के मारून देत होते. त्यांची वही ठेवून घेतली आणि दोन दिवस ते पुस्तक तिच्याशी ताडत वाचत बसले. कादंबरीत दोन जगं होती. एकात मोहिनी बुडते, दुसऱ्यात वाचते, आणि लेखकाने ती न सांगता एकमेकांत मिसळलेली. भाऊंची एकही नोंद चुकलेली नव्हती.

हे ऐकल्यावर ते मटकन खुर्चीत बसले. "म्हंजे माणूस जाणूनबुजून असं लिहितो?"

"हो. चक्रम आहे मेला."

ते डोळे पुसत हसत सुटले. मलाही केवढं हायसं वाटलं!

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. वर लिहिलं होतं, 'चार्ज देणे : सरू.' खाली गॅसचं पुस्तक कुठे, पेन्शनचे कागद कुठे, आणि शेवटी, 'तुझं नाव विसरलो तर रागावू नको.'

मला वाटलं, आता पान फाडतील.

"लॉगबुकाचं पान फाडत नसत्यात, ताई," ते म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी मजकुरावर सरळ एक रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'चार्ज माझ्याकडेच', आणि तारीख घालून सही केली.