नीमखालची कोरांटी

“मॅडम, पीछेवाली झिंटी भी काटनी है क्या?” आमच्या माळ्याने, रामअवतारने, फोनवर विचारलं. मी तेव्हा साहेबांसमोर इन्स्पेक्शनची यादी घेऊन उभी होते. “सब बराबर कर दो,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. चार शब्दांत मी वर्षभराचं काम घालवलं.

झिंटी म्हणजे आपली कोरांटी. मी दिल्लीतल्या एका सरकारी कॉलनीत हॉर्टिकल्चर बघते. दोन ब्लॉकच्या मधल्या पट्ट्यात नीमची दाट सावली आहे. तिथे लॉन तीनदा लावलं, तिन्ही वेळा मेलं. शेवटी तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी त्यांच्या कुंडीतल्या निळ्या कोरांटीच्या फांद्या दिल्या. हे झुडूप इथलंच आहे, कमी उन्हात तग धरतं. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात फांद्या खोचल्या, बहुतेक लागल्या.

काकांचं रिटायरमेंट डिसेंबरअखेर होतं. मग क्वार्टर सोडून साताऱ्याला जायचं. काकूंचं मागणं एवढंच होतं, की जाण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही फुलं एकदा दिसावीत. “नक्की दिसतील काकू,” मी म्हणाले होते.

कोरांटीला फुलं फांदीच्या टोकाला येतात, थंडी सुरू होताना. म्हणून तिची छाटणी फुलं गेल्यावर करायची. हे मी ट्रेनिंगमध्ये माळ्यांना दरवर्षी सांगते. पण दिवाळीआधी इन्स्पेक्शन असलं की प्रत्येक हेज टेबलासारखी सपाट हवी असते.

मी पोचले तेव्हा पट्टा सपाट झाला होता. रामअवतारने काम चोख केलं होतं. त्याला काय बोलणार? काकू कापलेल्या फांद्या वेचत होत्या.

“कालच कळ्या दिसल्या होत्या गं,” त्या म्हणाल्या. मग हातातल्या फांद्या दाखवून विचारलं, “ह्या साताऱ्याला लागतील ना?”

थंडीच्या तोंडावर कळ्या धरलेली फांदी सहसा मूळ धरत नाही. मला हे चांगलं माहीत होतं. तरी मी “लागतील” म्हणाले. छाटणीपेक्षा मला आजही त्या एका शब्दाची जास्त लाज वाटते.

इन्स्पेक्शन साहेबांच्या मनासारखं झालं. त्या पट्ट्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

जानेवारीत काकूंचा फोन आला. फांद्या वाळल्या होत्या. “माझ्याच हाताला गुण नाही बघ,” त्या म्हणाल्या. खरं काय ते तेव्हाही मला सांगवलं नाही.

पुढच्या वर्षी कोरांटी अशी फुलली, की लोक थांबून फोटो काढायला लागले. काकूंच्या खिडकीत आता क्वार्टरमध्ये आलेल्या नव्या कुटुंबाचा एक्झॉस्ट फॅन आहे.

तेव्हापासून मी छाटणीची ऑर्डर लेखी देते, कुठलं झाड कापायचं नाही ते वर लिहून. फोनवर देत नाही.