यंत्राने नाकारलेला मामा

माणसांवर रागावणारे नांदेडात पुष्कळ आहेत. यंत्रावर मनापासून, उभं राहून रागावणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. आमच्या कॉलेजातले संगणकाचे सर. मी तिथे ग्रंथपाल, आणि सरांची संताप ओकायची हक्काची जागा. ते तर्कावर चालणारी एक संगणकभाषा शिकवत. तीत आधी माहिती आणि नियम सांगायचे, मग प्रश्न विचारायचे. पण 'आता नियम सांगतो' असं आधी कळवलं नाही, तर यंत्र नियमालाच प्रश्न समजून 'नाही' म्हणे. सर कळवायला हमखास विसरत आणि भर वर्गात ओरडत, "मी याला शिकवून राहिलो, अन् हे मलाच न्हाई म्हणून राहिलं!" वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा राहिला की यंत्र नुसतं वाट पाहत बसे. मग सरही हाताची घडी घालून बसत. एकदा पोरं डबे खाऊन परत आली, तरी दोघांपैकी कुणी हटलं नव्हतं.

उदाहरणाला सर घरचीच माणसं घेत. एका दुपारी ग्रंथालयातल्या संगणकावर त्यांनी, या वेळी आठवणीने कळवून, नियम टाकला : आईचा भाऊ तो मामा. मग विचारलं, मी कुणाचा मामा? उत्तर आलं, कुणाचाच नाही.

सर ताडकन उठले. "कुणाचाच न्हाई? भोकरची सख्खी भाची हाय माझी! कान टोचताना माझ्याच मांडीवर होती!"

मी पडद्यावरची नावं वाचली. सरांची आई होती, सर आणि त्यांचा भाऊ होता. "सर, तुम्ही बहीण लिहिलीच नाही."

आता सर माझ्यावर भडकले. भाचीचं लग्न त्यांना न विचारता ठरलं, तेव्हापासून तीन वर्षं बहीणभावाचं बोलणं बंद होतं. "मामाला इचारायचं न्हाई, अन् मी तिचं नाव लिहायचं?" पडद्यावरचं 'कुणाचाच नाही' त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग बसले आणि एका बोटाने बहिणीचं नाव लिहिलं, खाली भाचीचं. पुन्हा विचारलं. भाचीचं नाव आलं.

रविवारी सर भोकरला बहिणीकडे गेले. सोमवारी ग्रंथालयात आले ते तणतणतच. "बहिणीनं दार उघडलं. चहा ठेवला. अन् साखर न्हाई टाकली त्यात! माझी साखर बंद झाली मागल्या वर्षी. हिला कसं ठाऊक? माझ्या बायकोला फोन करून सगळं इचारत होती म्हणे. तीन वर्षं! अन् मला कुणी सांगू नये?"

रागावलेलेच होते, पण आवाज नेहमीएवढा चढला नाही.