सरावाची मुलं

मुलांनो,

मागच्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या वेळी बालवाडीच्या बायकांना काही ट्रेनिंग असायचं का गं?" ती एका नर्सरीत नोकरीला लागली आहे आणि दर महिन्याला कसलेसे वर्ग पुरे करावे लागतात म्हणून वैतागली होती. मी म्हटलं, "होतं की. उत्तम होतं. मीच द्यायचे." आणि फोन ठेवला. यातलं "उत्तम" खोटं आहे. चूक लक्षात आल्यावर ती तशीच ठेवायची मला सवय नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकात शहरातल्या राजारामपुरीत एका भाड्याच्या बंगल्यात आमचं केंद्र होतं. जिल्ह्यातल्या खेड्यांतून बायका तीन महिन्यांसाठी येत आणि बालवाडी चालवायला शिकून परत जात. मला तिथे नेमलं ते इंग्रजी येतं म्हणून. लहान मुलांचं काही कळतं का, हे कुणी विचारलं नाही. मी इंग्रजी पुस्तकं समोर घेऊन मराठी टिपणं काढायचे. एका चित्रसंचात बर्फाचा माणूस होता, नाकाच्या जागी गाजर लावलेला. हातकणंगल्याकडची एक बाई म्हणाली, "ह्यो कोण म्हणायचा?" मी तिला गंभीरपणे समजावलं आणि वहीत उतरवूनही घ्यायला लावलं.

पण आमचा खरा शहाणपणा पुढेच आहे. शिकाऊ बायकांना पाठ घ्यायला मुलं हवीत. ती आम्ही आसपासच्या बंगल्यांतून गोळा केली होती. डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची. पावडर लावलेली, सदऱ्याला रुमाल टाचलेली. एक तुकडी गेली की दुसरी यायची, मुलं तीच आणि पाठही तेच. "पाळीव प्राणी" हा पाठ त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की नवी बाई तक्ता उलगडायच्या आत ती हात वर करून ओरडायची, "गाय दूध देते! कुत्रा घर राखतो!" मोठ्या बाई, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, मागे खुर्चीत बसून ते हात मोजायच्या. एकदा दिल्लीला कसल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या, आणि त्यानंतर दिल्ली कायम त्यांच्या तोंडी असायची. हात मोजून त्या गुणतक्त्यात आकडा लिहीत तो रकाना होता "मुलांचा प्रतिसाद". तो एका इंग्रजी पुस्तकातून मीच उचलला होता आणि पट्टी धरून आखलाही मीच होता. सगळ्या बायका पास व्हायच्या. प्रशिक्षण यशस्वी झाल्याचा अहवाल आम्ही पाठवायचो. खरं तर पास होत होती ती मुलं.

एका तुकडीत नेसरीजवळच्या गावातली एक बाई होती. बावीस-तेवीस वर्षांची, दीड वर्षाचं मूल आईकडे ठेवून आलेली. पास झाली तर गावातली बालवाडी तिला मिळणार होती. नापास झाली तर ती जागा शेजारच्या गावातल्या, आधीच प्रमाणपत्र घेऊन बसलेल्या बाईला जायची.

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला "पाळीव प्राणी" आला. तिने तक्त्याला हात घातला आणि मुलं ओरडली, "गाय दूध देते!" तिने तक्ता गुंडाळून भिंतीशी उभा केला, पदर खोचला आणि सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसली.

"आमची म्हस लई आडमुठी हाय," ती म्हणाली. "काल पाण्यात जाऊन बसली ती भायेरच येईना. मी हाका मारल्या, वैरण दावली. न्हाय म्हंजे न्हाय. आता तिला घरला कशी आणू?"

मुलं गप्प झाली. हे उत्तर त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. एकाचं नाकातलं बोट तसंच नाकात राहिलं. बऱ्याच वेळाने एक मुलगी हळूच म्हणाली, "ती रुसली का?" तेवढ्यात घंटा झाली.

मोठ्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "एक हात वर आला नाही. शून्य."

"मुलं ऐकत होती," मी म्हटलं.

"ऐकण्याचा रकाना कुठे आहे? दाखवा मला."

तो नव्हता. मी सही केली.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. व्हरांड्यात उभी राहून मी म्हटलं, "मुलांनी प्रतिसाद दिला नाही."

"पोरं आ वासून ऐकत हुती की, बाई! तुमास्नी दिसलं न्हाय व्हय?" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "तुमच्या ह्या पोरास्नी सगळं आदीच येतंय. मग आमी शिकवायचं कुणाला? माझं पोरगं टाकून आलोय मी हितं."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या आधी केंद्रात पोचले. तिचा गुणतक्ता काढला, शून्यावर पट्टीने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "मुले ऐकत होती व विचार करत होती. पास." खाली सही केली. मोठ्या बाई आल्यावर त्यांना तोंडावर सांगितलं.

"दिल्लीला असलं चालत नाही," त्या म्हणाल्या.

"मग दिल्लीला कळवा."

त्यांनी कळवलं नाही. गुणतक्ते जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथे कुणी काही वाचत नसे, शिक्का मारून पुढे पाठवत. प्रमाणपत्र आलं. म्हणजे त्या केंद्रात मी केलेलं एकमेव शहाणं काम पार पडलं, ते कागद कुणी वाचत नाही म्हणून. मोठ्या बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. फार निवांत गेला तो महिना. पुढे मी सुचवलं, मुलं तरी बदलू या, केंद्रामागच्या बांधकामावरच्या मजुरांची आणू या. "सतरंज्या ओल्या करतील," असं उत्तर मिळालं. सतरंजी ओली होईल म्हणून घाबरणारे आम्ही बालवाडी चालवायला शिकवत होतो!

केंद्र काही वर्षांनी बंद पडलं. त्याची कुणाला उणीव भासल्याचं माझ्या कानावर नाही. नेसरीजवळच्या त्या बाईने गावातली बालवाडी म्हातारी होईपर्यंत चालवली. आता तिथे दुसरी बाई आहे. बालवाडी अजून रोज सकाळी भरते.