सोपं, घरचं काहीतरी

भावाचा फोन आला तेव्हा मी मेसमध्ये चाळीस माणसांचा रस्सम ढवळत होते. तो म्हणाला, "ताई, नवीन घराचं जेवण ठेवलंय. दहा-बारा माणसं, सगळी ऑफिसातली. हॉटेलचं नको. सोपं, घरचं काहीतरी. तू येशील ना?"

तिरुपूरहून नंदुरबार म्हणजे दोन रात्रींचा प्रवास, गाडी बदलून. त्यानं एसीचं तिकीट काढून पाठवलं. एसीच्या डब्यात मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. चादर वापरायची की तशीच घडी घालून परत द्यायची हे न कळल्यामुळे रात्रभर पदर पांघरून झोपले. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला मी कृतघ्न वाटेन. तशी मी नाही. भावानं त्याच्या लग्नात मला साडीचोळी केली, माझ्या लेकीला पहिलं दप्तर त्यानं घेतलं. आठवण ठेवते मी.

पण मी फक्त जेवण करायला निघाले नव्हते. आमच्या मेसमध्ये देखरेखीची जागा निघायची आहे. मालक म्हणाले, "काम तुला येतं, पण दहावी पास लागते." मी सातवीपर्यंत. लेक म्हणाली, "आई, सतरा नंबरचा फॉर्म भर, घरी बसून परीक्षा देता येते." परीक्षा मराठीतून द्यायची म्हणजे केंद्र आपल्याकडचं हवं. त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या: एक शाळा सोडल्याचा दाखला, आणि दुसरी, परीक्षेच्या महिनाभर नंदुरबारात राहायला जागा. जागा भावाकडे मागायची होती. गाडीत दोन्ही रात्री मी तेच वाक्य मनात घोळवलं. कसं म्हणायचं, कुणासमोर म्हणायचं, जेवणाआधी की जेवणानंतर.

जेवणाच्या दिवशी सकाळी भाजी आणायला जाते म्हणून निघाले आणि आधी शाळेत गेले. कारकुनानं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि लिहून दिलं. दाखल्यात रकाने असतात. प्रगती: साधारण. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर.

मी तो कागद पिशवीत वांग्यांवर ठेवला. पुन्हा काढला, घडी करून पोलक्यात ठेवला. वांग्यांना पाणी लागलेलं होतं.

सतत गैरहजर. खोटं नाही. वडील गेले तेव्हा भाऊ अंगावर पिणारा होता. माय मिरचीच्या पथारीवर जाऊ लागली. गावाबाहेर मैदानांत लाल मिरची वाळत घालतात, तिथे बाया दिवसभर बसून देठ खुडतात. दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीपर्यंत चालतं. संध्याकाळी माय घरी यायची तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पेटलेले असायचे. ताकात बुडवून बसायची, तेल चोळायची, काही उपयोग व्हायचा नाही. पहिल्या आठवड्यात तिनं त्याच हातांनी भाकरी थापली. आम्ही दोघींनी ती कशीबशी खाल्ली, पण तिनं भावाच्या तोंडात तुकडा भिजवून घातला आणि तो असा किंचाळला की शेजारीण धावत आली. मग रडतो म्हणून मायनं त्याचे डोळे पुसले. हातानंच. लेकराला उगी करताना दुसऱ्या कशानं पुसणार? त्या रात्री आम्ही त्याच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसलो.

दुसऱ्या दिवशी माय मला म्हणाली, "तूच धर त्याले. मन्हा हात नको." आणि मग म्हणाली, "हंगाम सरना का जाय शाळामा. दोन-तीन महिनानाच तर प्रश्न शे."

सहावीत होते मी. शेजारणीनं मला पीठ मळायला शिकवलं, ज्वारीत उडीद दळून आणलेलं कळण्याचं पीठ, कारण ती भाकरी मिठाबरोबरसुद्धा खपते. तिचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या पहिल्या भाकरीला ती म्हणाली होती, "ही भाकर शे का फुटेल कौल?" पण तिनंच ती खाल्ली.

हंगाम सरला तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. गुरुजींनी वर घातलं. सातवीत दिवाळीपर्यंत गेले, मग पुन्हा हंगाम आला. दुसरं सत्र म्हणजे काय हे मला माहीतच नाही. पुस्तकांचा मागचा अर्धा भाग माझा कोराच राहिला. सातवीनंतर कुणी मला शाळेत जा म्हणालं नाही, जाऊ नको असंही कुणी म्हणालं नाही.

असो. भरीत करायचं ठरलं होतं, कळण्याची भाकरी, तुरीची साधी दाळ, भात. सोपं. भरताला वांगी मोठी, हिरवी-पांढरी घ्यायची, बी कमी असलेली. माय भावाकडेच राहते; तिनं अंगणात कापसाच्या काड्या जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या जाळावर भाजली. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मला गिळवत नाही. हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात परतून काठवटीत कुटायचं, त्यात वांग्याचा गर घालून पुन्हा कुटायचं, पातीचा कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर. एवढंच. मी मीठ तीनदा चाखलं. चौथ्यांदा भावजयीला चाखायला दिलं. ती बिचारी पाय सुजलेले घेऊन स्टुलावर बसली होती, सहावा महिना. म्हणाली, "ताई, बास. किती चाखता? उरेल का काही?"

माणसं आली. पंगत हॉलमध्ये, ताटं खाली मांडली. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते, गरम गरम एकेक पाठवत होते. भावाच्या एका साहेबांच्या बायकोनं आत येऊन विचारलं, "ताई, भरितात काय काय घालता? लिहून घेते."

मी सांगत होते तेवढ्यात बाहेरून भावाचा आवाज आला. अलीकडे तो पुस्तकातलंच मराठी बोलतो. "ताईच्या हाताला उपजतच चव आहे. शाळेत तिचं मन कधी रमलं नाही. लहानपणापासून चुलीचीच आवड."

मग माय, भिंतीला टेकून बसलेली, जेवताना. "तिले शाळानी गोडीच नही व्हती. चूल देखी म्हंजे हासे."

एक पाहुणा म्हणाला, "बरं झालं नाही रमलं! नाहीतर आज आम्ही उपाशी."

सगळे हसले. बाईंनी माझ्याकडे बघून हसून विचारलं, "पातीचा कांदा आधी की नंतर?" मी म्हणाले, "नंतर." तव्यावरची भाकरी करपली.

भाऊ खोटं बोलत नव्हता, हे मला तिथेच कळलं. त्याला तेवढंच माहीत होतं. त्याचे डोळे सुजले होते ती रात्र त्याला आठवत असायचं कारण नाही. मायनं जे सांगितलं, ते ऐकत तो वाढला. पण मायला माहीत होतं. तिनं ती रात्र पाहिली होती. इतकी वर्षं ती लोकांना हेच सांगत आली असणार, आणि सांगता सांगता तिचं तिलाच खरं वाटू लागलं असणार. मी हसायचे म्हणे चूल बघून. अकरा वर्षांची पोर धुरात डोळे बारीक करते, ते हसण्यासारखं दिसत असेल.

पाहुणे गेले. भांडी घासायला मी बसले, भावजय पुसत होती. माय येऊन शेजारी बसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. म्हणाली, "बेटा, माघ-फागूनमा येजो. सूनबाईनं बाळंतपण शे. मन्हाकडून आते काम होत नही. दोन महिनानाच तर प्रश्न शे."

भाऊ दारात उभा होता. म्हणाला, "तिकीट मी काढतो ताई. एसीचंच."

म्हणजे दहा-बारा माणसांचं जेवण हे निमित्त होतं. हात साबणाचे होते, मी ते पदराला पुसले, पोलक्यातला दाखला काढला आणि भावापुढे धरला. घामानं तो मऊ झाला होता. "त्याच महिन्यांत मला यायचंच आहे. दहावीची परीक्षा देते आहे, सतरा नंबरनं. तुझ्याकडे राहू का, हे विचारायलाच आले होते."

त्यानं कागद वाचला. शेवटच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. "सतत गैरहजर," तो वाचत म्हणाला, "बघ, मी म्हणत होतोच ना, तुझं मन नव्हतं."

मी मायकडे पाहिलं. पणतीएवढी का होईना, आशा होती. एक वाक्य पुरलं असतं. तिनं काठवटीला चिकटलेलं भरीत बोटानं निपटून खाल्लं आणि हळूच विचारलं, "तू परीक्षाले बसशी, मंग भाकरी कोन करी?"

मी आयुष्यात मायला उलट बोलले नव्हते. पण म्हणाले, "सोपं शे ना, माय. भाऊ करी लेई."

भावजय खाली मान घालून ताट पुसत राहिली. तेच एक ताट. भाऊ म्हणाला, "ताई, थकलीस तू, झोप." कागद त्यानं ओट्यावर ठेवला, ओल्या जागी. मी उचलून चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, वाळत घातला.

परतीचं तिकीट त्यानं काढलं, एसीचंच. स्टेशनवर सोडायला आला, पाण्याची बाटली घेऊन दिली. परीक्षेचं काही बोलला नाही.  या वेळी मी चादर अंगावर घेतली.

फॉर्म भरला आहे. लेक रोज रात्री गणितं घालते, चुकले की म्हणते, "आई, लक्ष कुठाय?" भूगोलाचा मागचा अर्धा भाग मला फार आवडतो. मायचा फोन आता महिन्यातून एकदा येतो, पूर्वी आठवड्याला यायचा. "जेवनी का?" विचारते, मी "जेवले" म्हणते, मग ती फोन ठेवते. तिचा हात धरायला मी असते तर बरं झालं असतं असं मला वाटतं, आणि वाटल्याचा रागही येतो. भावजयीला चालताना धाप लागते म्हणे. त्या पोरीचा काय दोष?

परीक्षेच्या काळात कुठे उतरायचं ते अजून ठरलं नाही. जिनं माझं फुटलेलं कौल खाल्लं ती शेजारीण अजून त्याच गल्लीत आहे, एकटीच. उद्या तिला फोन करीन म्हणते. कालही म्हटलं होतं.