रुमालाचं डावं टोक

दुकानात शिरताना तो चपला दाराबाहेर काढतो, एकीवर एक. सुई आधी केसांतून फिरवतो, मग कागदात घालतो. पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा वास घेतो, नाव नंतर वाचतो. दोऱ्याला मेण लावताना गुणगुणतो. चाल वर्षानुवर्षं एकच. आणि खळ लावून झाली की अंगठा गळ्यातल्या रुमालाला पुसतो. नेहमी डाव्या टोकाला.

दोन वर्षं मी हे सगळं रोज पाहत होते. पाहून मला काहीच कळलं नाही.

तो पुस्तकं बांधतो. सगळे त्याला बाइंडर म्हणतात; रागावली की बायकोसुद्धा. मी साहित्यात एम.ए. झाले आणि अजून नोकरी शोधते आहे. फाटकी पुस्तकं घेऊन त्याच्याकडे जाते आणि तिथेच बसते. मला तो पंडितबाई म्हणतो.

त्याची मुलगी दीड वर्षाची. एका जागी थांबत नाही म्हणून भिंगरी. चार महिन्यांपूर्वी तिला रात्रीच्या उलट्या सुरू झाल्या. दिवसभर ठणठणीत, पोटभर जेवणार, आणि झोप लागून तासभर झाला की ओकणार. आठवड्यातून तीन-चार वेळा. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. दूध बदलून झालं. जेवणाची वेळ बदलून झाली. त्याच्या सासूबाई येऊन म्हणाल्या, "तुमच्या घराण्यातच पोटं नाजूक."

"तुमच्याकडे जेवून आलो की माझंही असंच होतं," बाइंडर म्हणाला.

हे त्याने मला हसत सांगितलं. पण त्याच आठवड्यात त्याने एक रहस्यकथा उलटी शिवली. शेवट आधी, सुरुवात नंतर. गिऱ्हाईक म्हणालं, "आता वाचू कशाला? खुनी पहिल्याच पानावर उभा आहे." बाइंडर टाके उसवत बसला.

नंतर म्हणाला, "पंडितबाई, पुस्तक हातात घेतलं की त्याचं काय दुखतंय ते मला कळतं. पोरगी रात्रभर हातात असते. काही कळत नाही."

गेले काही महिने भिंगरी बापाचा रुमाल तोंडात धरून झोपते. तो घरी पोचला की पहिली झडप त्याच्या गळ्यावर. एकदा बायकोने रुमाल धुतला, तर भिंगरीने तो भिरकावून दिला आणि पहाटेपर्यंत घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून रुमाल धुवायचा नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं.

एका दुपारी दुकानात माझ्या हातून चहा सांडला. रुमाल बाकावर काढून ठेवला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजला.

"घ्या! तुमच्या हाताला काही काम नाही, म्हणून असं होतं," तो म्हणाला. रुमाल त्याने खिडकीत पसरला आणि पुन्हा शिवायला बसला.

तासाभराने तो रुमाल घ्यायला उठला आणि तिथेच थबकला. गोड चहाला मुंग्या लागल्या होत्या. सगळ्या रुमालावर काळी रांगोळी. फक्त डावं टोक कोरं. वीतभर अंतरावर येऊन मुंग्या मागे वळत होत्या.

त्याने टोक दोन बोटांत धरलं. ते कडक झालं होतं, हिरवट.

"मोरचूद," तो म्हणाला.

पुस्तकाला कीड लागू नये म्हणून तो खळीत मोरचूद घालतो. निळे खडे, विषारी. डबा भिंगरीच्या हाताला लागू नये म्हणून त्याने तो कधी घरी नेला नव्हता. रविवारी दुकान बंद असतं, रुमालाला ताजी खळ लागत नाही. रविवारी रात्री भिंगरी कधीच ओकली नव्हती. हे आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं.

"मुंगीला कळलं हो," तो म्हणाला, आणि चपला न घालता धावत सुटला.

डॉक्टरीणबाईंनी रुमाल पाहिला, भिंगरीला पुन्हा तपासलं, पुन्हा रक्त घेतलं. "पोरगी शहाणी आहे. पोटात गेलं ते लगेच बाहेर टाकत होती," त्या म्हणाल्या. "अपाय झालेला नाही. बाप तेवढा सुधारा."

या गोष्टीला आता दीड महिना झाला. भिंगरी एकदाही ओकलेली नाही. दुकानात बाकाला एक फडकं ठोकलं आहे. अंगठा अजून गळ्याकडे जातो, मधेच थांबतो, खाली येतो. मी मोजत नाही, पाहते मात्र.

भिंगरीला नवा रुमाल चालेना. म्हणून त्याने कापड आणलं आणि आठ दिवस फक्त घरात गळ्याभोवती गुंडाळलं. बायको म्हणाली, "हे काय, घरात गळपट्टा?"

"वास मुरवतोय," तो म्हणाला.

नवव्या दिवशी संध्याकाळी तो कडा दुमडून शिवायला बसला. पुस्तकाचाच दोरा, पुस्तकाचेच टाके. तीन बाजू झाल्या. चौथी अर्धी झाली तेव्हा भिंगरी आली, कापड ओढलं, हुंगलं, तोंडात धरलं आणि त्याच्या मांडीवर झोपली. त्याने दोरा दाताने तोडला आणि सुई काढून घेतली.

उरलेली शिवण उद्या घालतो म्हणाला होता. कालही उद्याच म्हणाला.