पडद्यामागचा नालबंद

जुन्या सिनेमांना मुके म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. माझे थोरले मामा नालबंद होते. दिवसभर घोड्यांना नाल ठोकत आणि संध्याकाळी थिएटरात पडद्यामागे बसून पडद्यावरच्या घोड्यांना टापांचा आवाज देत. पुढ्यात वाळूची पेटी, खडीची पेटी आणि एक फळी. हातात लाकडी मुठीचे दोन जुने नाल.

परमुलखातल्या घोडेस्वारांचे ते सिनेमे. त्यांची भाषा कुणाला येत नव्हती आणि कुणाचं अडतही नव्हतं. उघडं माळरान, लांबून उठणारी धूळ, एकटा स्वार. उतरल्यावर तो आधी स्वतः पाणी पितो की घोड्याला पाजतो, एवढ्यावर लोक त्याला पारखत.

एका सिनेमात घोडा दुखावतो. स्वार उतरून त्याच्या शेजारी चालू लागतो. मामा तिथे तीनच टापा वाजवत. चौथीच्या जागी नाल वाळूवर नुसता टेकवत. आख्खं थिएटर श्वास रोखून बसे.

मॅनेजरला ते रुचलं नाही.

"अहो नालबंद, घोड्याला पाय चार. तुम्ही तीनच वाजवता?"

"चौथा दुखतोय त्याचा."

"लोक दौड बघायला येतात. सरसकट दौड वाजवा, नाहीतर उद्यापासून ड्रमवाला बसवतो."

"बसवा की. त्याने कधी घोड्याचा पाय मांडीवर घेतलाय का, तेवढं विचारा."

सात वर्षांची जागा सोडून मामा घरी आले. मामी म्हणाली, "एक पाय जास्त वाजवला असता तर हात झिजला असता का?" मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून ते पहिल्यांदाच पडद्यासमोर बसले. मागून सगळं उलटं दिसतं. इतके दिवस घोड्याचा डावा समजलेला पाय उजवा निघाला. स्वतःशीच हसले. तेवढ्यात घोडा लंगडू लागला आणि ड्रम धडाधड दौडू लागला. लोक खदखदा हसले. परवापर्यंत ह्याच ठिकाणी डोळे पुसणारे लोक!

मामा उभे राहिले. "वाजवणं थांबवा. जनावर लंगडतंय."

मॅनेजरच्या दोन माणसांनी दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. हॉलमध्ये किती गाडीवान होते. त्यांच्या घोड्यांचे खूर मामांनी पोटच्या पोरासारखे जपले होते. एकही खुर्चीवरून हलला नाही.

सकाळी त्यांतलेच तिघे घोडे घेऊन दारात हजर. मामांनी तिन्ही घोड्यांना नाल ठोकले, एकेकाच्या मानेवरून हात फिरवला. मालकांशी मात्र शब्दही बोलले नाहीत.